एकोणऐंशी टक्के

१

कशालाही हात लावायचा तर मंजुषा आधी ते पुसून घ्यायची. एस.टी.तली दांडी, कॉलेजातला फळ्याचा डस्टर, प्रयोगशाळेतली नळाची तोटी, काहीही. जुन्या सुती ओढणीचे चौकोनी तुकडे तिच्या पर्समध्ये कायम असायचे. "ही सासरी गेली की नवऱ्याला बी पुसूनच घरात घेईल," असं तिची आई भिवराबाई शेजारणींना सांगायची आणि शेजारणी पोट धरून हसायच्या.

तिला दचकायलाही फार काही लागायचं नाही. भिंतीवरची पाल चुकचुकली, कुकरची शिट्टी अवेळी झाली, मागून कुणी "मॅडम" म्हणालं, एवढं पुष्कळ होतं. माजलगावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवणारी ही पोर परीक्षानळी फुटली तरी पोरांच्या आधी ओरडायची. पण गेल्या श्रावणापासून ती एक गोष्ट न दचकता करत आली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती वडिलांना, त्रिंबकअण्णांना, जुनी घेतलेली इलेक्ट्रिक गाडी चालवत बीडला डायलिसिसला न्यायची आणि परत आणायची. गाव धरणाच्या पाण्याला लागून, बीड पासष्ट किलोमीटर. गाडी रात्रभर घरी लावून ठेवायची, आणि येताना वडवणी ओलांडली की बंद पडलेल्या रसवंतीशेजारच्या चार्जिंग स्टेशनवर अर्धा तास थांबायचं.

स्टेशन म्हणजे पत्र्याचं छत आणि त्याखाली कपाटाएवढं मशीन. मशीनला दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायच्या मुठीच्या तोट्या. एक सहा महिन्यांपासून बंद, खताच्या गोणीत गुंडाळून सुतळीनं बांधलेली. दुसरी चालू. वाऱ्याची दिशा बदलली की कारखान्याच्या मळीचा आंबूस वास यायचा, नाकात बसायचा आणि घरी जाऊन अंघोळ केली तरी केसांत राहायचा.

त्या अर्ध्या तासात ती अण्णांच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसायची. तिथं शस्त्रक्रिया करून शीर आणि धमनी जोडलेली होती, मशीनच्या सुया टोचायला. कातडीखाली मांजर घुरघुरावं तशी बारीक थरथर लागायची. नर्सनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ही थरथर म्हणजे रस्ता चालू. रोज दोनदा बघायची. थांबली तर एक मिनिट घरी बसायचं नाही."

मंजुषा दिवसातून वीसदा बघायची.

माघ लागला आणि एका शुक्रवारी तिनं गन उचलली तर मूठ ओली होती. दिवस मावळायचा होता, हवा अजून उन्हानं तापलेली, दवाचा प्रश्नच नव्हता. कुणी सॅनिटायझर लावला असेल, असं म्हणून तिनं फडक्यानं पुसली. फडक्याला तार आली. तिनं ते नाकाशी नेलं आणि तिथल्या तिथं टाकून दिलं.

"काय झालं गं?" अण्णांनी काच खाली करून विचारलं.

"कुणीतरी घाणेरड्या हातानं धरलीय. दुधाचा वास येतोय."

अण्णांनी हवेत नाक फुगवलं. साठ वर्षं जनावरांत गेलेला माणूस. "दूध न्हाई हे," ते म्हणाले. "म्हस व्याल्यावर पहिलं निघतं ना, त्याचा वास हाय."

२

गाडीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. रामप्रसाद सर म्हणून निवृत्त मुख्याध्यापक तो चालवायचे आणि शाळेची घंटा द्यावी तसे रोज सकाळी सातला नियम टाकायचे. गन जमिनीवर टाकू नये. वायर नीट गुंडाळून ठेवावी, ते म्हशीचं दावं नाही. काचेवर आपला नंबर ठेवावा. दुसऱ्याची गन परस्पर काढू नये. आणि सगळ्यात ठळक अक्षरात: ऐंशी टक्के झाले की गाडी हलवावी, मागच्यालाही घर आहे.

मंजुषा हे सगळे नियम पाळायची. सत्त्याहत्तर झाले की ती सीटबेल्ट लावून बसायची.

पुढच्या आठवड्यात गावातली डीपी जळाली. उसाला पाणी द्यायच्या मोटारींनी दर वर्षी जळते तशीच. घरची वीज गेली, त्याबरोबर गाडीचं रात्रीचं चार्जिंगही गेलं. मंगळवारी ती अठ्ठावीस टक्क्यांवर घरातून निघाली ती स्टेशनच्या भरवशावर. अण्णांचा नंबर एक वाजताचा होता. अकराला स्टेशनवर पोचली तर गन दुसऱ्या गाडीला लागलेली.

गाडी म्हणजे नुसतं कव्हर दिसत होतं, करड्या रंगाचं, चाकांपर्यंत ओढलेलं. गन कव्हरच्या आत गेलेली. बाहेर फक्त जाड काळी केबल. कव्हरवर सेफ्टी पिनेनं वहीचा कागद टोचला होता. बाईचं नीटनेटकं अक्षर: "८० झाले की काढते. कृपया हात लावू नये." खाली नंबरही होता, पण शाई ओलीनं पसरून त्याचा निळा डाग झाला होता.

मशीनच्या स्क्रीनवर ७९ टक्के.

"एकच राहिलाय अण्णा. दोन मिनिटं."

दोन मिनिटं झाली. दहा झाली. एकोणऐंशीच. तिनं ग्रुपवर फोटो टाकला. लगेच उत्तरं आली. कुणी लिहिलं, लोकं गाडी लावून लग्नं गाठतात. कुणी लिहिलं, हवा सोडा मॅडम टायरची. रामप्रसाद सरांनी लिहिलं, "शेवटचे टक्के सावकाश भरतात. संयम ठेवावा. परस्पर गन काढल्यास तुम्हीही त्यांच्यासारख्याच ठराल."

साडेबाराला एकोणऐंशी. दोनला एकोणऐंशी. दवाखान्यातून फोन आला की नंबर दुसऱ्याला दिला, आता शुक्रवारी या. गावाकडं परत जायला पुरेल एवढीच गाडी होती, बीड गाठायला नाही. परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, "त्या गाडीवर माशी लई होती. कावून बरं?"

मंजुषानंही त्या पाहिल्या होत्या. कव्हरच्या बरोबर त्या जागी, जिथून केबल आत जात होती. पण तिला वाटलं होतं, फक्त आपल्यालाच दिसतायत.

३

शुक्रवारपर्यंत अण्णांचे पाय केळीच्या खांबासारखे सुजले. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून दोन रात्री ते भिंतीला टेकून बसूनच होते. चुलतभाऊ बिभीषणची जीप टोळी घेऊन कारखान्यावर गेलेली. त्याला फोन लावला तर म्हणाला, "ताई, मी यायलो, पण दुपार व्हईल." दुपार झाली की नंबर गेला. आई उंबऱ्यात उभी राहून नुसती बघत होती. डीपी अजून जळलेलीच, गाडीत अकरा टक्के होते. स्टेशनपर्यंत जेमतेम पुरणार होते, परत यायला नाही.

दहाला पोचली. तीच गाडी. तेच कव्हर. तोच कागद. ७९.

मंजुषाला आधी राग आला आणि मग किळस. कव्हर आता कापडासारखं दिसत नव्हतं. उन्हात राहून ते ताणलं गेलं होतं, मधूनमधून ओलसर आणि तेलकट, आणि ज्या भागावर चाकं असावीत तिथं त्याला घड्या पडल्या होत्या, जाड माणसाच्या मानेला पडतात तशा. मळीचा वास तर होताच, पण त्याखालून तो दुसरा वासही येत होता, कोमट, गोडसर, घशाशी येणारा.

तिनं स्क्रीनच्या खालची ओळ प्रथमच वाचली. किती युनिट गेले ते तिथं असतं. तिच्या गाडीची बॅटरी चोवीस युनिटांत भरायची. मोठ्यातली मोठी गाडी शंभरात. स्क्रीनवर होते दोन हजार एकशे सहा.

ती बघत असतानाच सहाचे सात झाले.

स्क्रीन बिघडलीय, तिनं स्वतःला सांगितलं. वर्गात पोरांना सांगायची तसं: आकडा अशक्य असेल तर आधी उपकरण तपासा. पण उपकरण तर गुणगुणत होतं, आणि केबल मशीनपासून गाडीपर्यंत ठरावीक वेळानं किंचित फुगत होती, किंचित बसत होती.

रसवंतीच्या मागच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. काटेरी कुंपणाशी एक म्हातारी लोकर विंचरत बसलेली. साखराबाई. मंगळवारीही ती तिथंच होती आणि तिनं अण्णांना तांब्याभर पाणी दिलं होतं. मंजुषा तिच्याकडं गेली.

"मावशी, ह्या गाडीचा मालक बघितला का तुम्ही?"

"मालक कुठला आलाय बाई. आमी आलो तवाधरनं हाय ती." म्हातारीनं मान वर केली नाही. "आमच्या मेंढ्या त्या अंगाला चरत न्हाईत. हिरवं हाय बघ तिथं, तरीबी न्हाईत. कुत्रं बी न्हाई जात."

"पण कुणी येत असेल ना काढायला?"

"काढत्यात व्हय कुणी? पितंय ते." तिनं लोकरीतला काटा काढून फेकला. "पितंय त्याला वढू न्हाई."

मंजुषाला गोठा आठवला. ती आठ वर्षांची असताना घरच्या म्हशीचं रेडकू मेलं होतं. म्हैस पान्हा सोडेना, तेव्हा अण्णांनी रेडकाचं कातडं सोलून मीठ लावून वाळवलं, आत पेंढा भरला, शिवलं आणि म्हशीपुढं उभं केलं. म्हैस ते चाटायची आणि दूध द्यायची. सगळं गाव अण्णांच्या हाताचं कौतुक करत होतं. मंजुषाला मात्र तो गोठाच नकोसा झाला. कारण एकदा धार काढताना तिनं पाहिलं होतं, चाटून चाटून ओल्या झालेल्या त्या पेंढ्याच्या पोटाचा भाता वरखाली होत होता. अण्णांना सांगितलं तर ते हसले होते. "वारा गं पोरी."

४

"मंजे," अण्णांनी हाक मारली. हाक कसली, शिट्टीसारखा श्वास. ते सीटवर पुढं वाकून डॅशबोर्डवर कपाळ टेकून बसले होते. ओठ निळसर.

तिनं मनगट पाहिलं. थरथर होती. पावणेअकरा वाजले होते.

ती मशीनपाशी गेली. लाल बटण दाबलं की चार्जिंग बंद होतं, हे तिला माहीत होतं. दुसऱ्याच्या गाडीचं दाबायचं नसतं, हेही. रामप्रसाद सरांचा ठळक अक्षरातला नियम डोळ्यांपुढं आला आणि तिनं तळहातानं बटण दाबलं.

गुणगुण थांबली. रानातल्या मेंढ्याही एकदम गप्प झाल्या.

कव्हरच्या आतून आवाज आला. बारीक. कुणी झोपेत कण्हावं तसा. "नको ना," असं काहीतरी. गाडीचा रेडिओ असेल. कुत्र्याचं पिल्लू असेल. तिनं पर्समधले सगळे फडके काढून हाताला गुंडाळले, कव्हरची कड उचलली आणि केबलचा माग घेत हात आत घातला.

आत ऊब होती. उन्हाची नव्हे, अंगाची. गाडीची काच हाताला लागली, आतून वाफेनं पांढरी झालेली. त्या वाफेत दोन बोटांनी पुसल्यासारखी जागा होती, आणि त्यापलीकडं कुणाची तरी दोन बोटं. स्थिर. कशावर तरी टेकलेली. मंजुषानं नीट बघितलं नाही. नंतर तिनं स्वतःला कितीदा तरी विचारलं, का नाही बघितलं? कारण तेवढ्यात तिच्या हाताला गन लागली होती आणि ती गन हलत होती.

तिनं ओढली. ती सुटेना. सॉकेटमध्ये गन अडकते तेव्हा लोखंडाला लोखंड लागल्याचं कळतं. हे तसं नव्हतं. हे धरून ठेवलेलं होतं, हिरड्यांनी धरावं तसं, मऊ आणि घट्ट. तिनं पाय रोवून झटका दिला. चोखल्यासारखा लांब आवाज करत गन बाहेर आली, तिच्यामागं पांढरट तार लोंबली, तुटली आणि मंजुषाच्या पायावर पडली. सँडलच्या बोटांमध्ये. कोमट.

कव्हरच्या फटीतून तिला क्षणभर ते दिसलं, जिथं सॉकेट असायला हवं होतं. काळं, ओलं, केसाळ कडा असलेलं. त्यानं हवेत दोनदा तोंड मिटलं आणि उघडलं.

मंजुषा रसवंतीच्या भिंतीशी जाऊन ओकली. सकाळचा चहा, मग नुसतं पित्त. मागून फुस्सकन हवा सुटल्याचा आवाज येत होता आणि दुर्गंधीचा लोट तिच्या पाठीवर येऊन आदळला. ती वळली तेव्हा कव्हर खाली बसत होतं, फुगलेलं मढं बसावं तसं हळूहळू, टपापासून कमरेपर्यंत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. टायर बसले असतील. चारही, एकदम. असेल.

"लेकी, काय केलंस गं," साखराबाई कुंपणापलीकडून म्हणाली. मग तिनं तोंडावर पदर घेतला आणि मेंढ्या हाकायला लागली.

मंजुषानं गन पुसली. फडके संपले तेव्हा स्वतःच्या ओढणीनं पुसली. तीनदा पुसली, तरी टोकाच्या सात छिद्रांतून पांढरं झिरपतच राहिलं. अण्णा शिट्टी वाजवत श्वास घेत होते. तिनं डोळे मिटले आणि गन तशीच आपल्या गाडीला लावली.

पहिल्याच दमात लागली. एरवी दोनतीनदा हलवावी लागायची.

५

सोळा मिनिटांत गाडी एकोणऐंशीवर आली. तिनं गन काढली, सवयीनं केबल गुंडाळली आणि मागं न बघता निघाली.

एकला पाच कमी असताना दवाखाना. नर्स ओरडली, मग अण्णांचे पाय बघून खाट मोकळी करायला धावली. चार तास मशीन फिरलं. नळीतून रक्त जात होतं, नळीतून येत होतं, आणि मंजुषा नळीकडं बघायचं टाळून बाहेरच्या बाकावर बसली होती. तिनं साबणानं सहा वेळा हात धुतले. पायही धुतले. बोटांच्या बेचक्यात चिकटपणा होता तो गेला नाही.

साडेपाचला अण्णा बाहेर आले ते चालत. चेहऱ्यावर रंग होता. "भूक लागली," असं म्हणाले. मंजुषाला रडू फुटलं. त्यांनी कोपऱ्यावरच्या गाड्यावरची दोन केळी खाल्ली आणि वर तिलाच दटावलं, "रडतीस कावून? मेलो का मी?"

मागच्या सीटवर उशी लावून त्यांना आडवं केलं. गाडी चालू केली आणि तेव्हा कुठं तिचं आकड्याकडं लक्ष गेलं. स्टेशनपासून बीडपर्यंत एवढं अंतर कापून आली होती. बॅटरी ७९ टक्के.

आकडा अशक्य असेल तर आधी उपकरण तपासा. जुनी गाडी, मीटर अडकलं असेल. तिनं एसी लावून बघितला, दिवे लावून बघितले. शहर मागं पडलं, एकदोन फाटे मागं पडले, ऊन उतरायला लागलं. ७९.

आणि गाडीत वास येत होता. कोमट, गोडसर.

"मंजे," मागून अण्णा झोपेतच म्हणाले. त्यांच्या आवाजात लाड होता, लहानपणी गोठ्यातून यायचा तसा. "रेडकू सुटलं वाटतं. हाताला चाटतंय बघ."

६

तिनं गाडी बाजूला घेतली. मागचं दार उघडलं.

अण्णांचा डावा हात सीटवरून खाली, सीट आणि दार यांच्या फटीत गेला होता. तिनं तो वर काढला. सुयांच्या जागी नर्सनं लावलेली पट्टी नव्हती. कापूस नव्हता. कातडी स्वच्छ होती, गुलाबी, ओली, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. कोपरापर्यंत पांढरट तार.

दोन बोटं टेकवली. थरथर नव्हती.

तिनं जागा बदलली. दाबून पाहिलं, हलकं ठेवून पाहिलं, कान लावून पाहिलं. मग लागली. खोल, बारीक, दुसऱ्या खोलीतल्या पंख्यासारखी. आणि कमी कमी होत होती.

"अण्णा, उठा. अण्णा!"

"हं. झोपू दे गं. बरं वाटतंय."

बीडला परत जायचं तर मागं पंचेचाळीस किलोमीटर. चार्जिंग स्टेशन पुढं तीन. ती नेमकी कशामुळं पुढं गेली हे तिला सांगता आलं नसतं. तिचे हातच वळले.

स्टेशनवर कुणी नव्हतं. करडं कव्हर जमिनीवर सपाट पडलेलं. त्याखाली गाडी नव्हती, थोडा ओला पेंढा होता आणि एका बाईची चप्पल. मालकीण येऊन गाडी घेऊन गेली असणार, कव्हर टाकून. चप्पलही टाकून. मेंढ्यांचा तळ उठला होता.

तिनं गन लावली. मशीन गुणगुणलं. एका हातानं दार धरून दुसऱ्या हाताची बोटं तिनं अण्णांच्या मनगटावर टेकवली.

मांजर घुरघुरलं.

तिनं गन काढली. घुरघुर विझत गेली. लावली. आली. काढली. गेली. प्रयोग तीनदा करायचा, असं ती पोरांना सांगायची. तिनं तीनदा केला, आणि तिसऱ्यांदा गन काढायला गेली तर गाडीच्या सॉकेटनं ती पटकन सोडली नाही.

७

सकाळी ऊन तिरपं होऊन गाडीत आलं तेव्हा अण्णांनी डोळ्यांवर हात घेतला. म्हणून मंजुषानं कव्हर वर ओढलं. आत बरं वाटत होतं. सावली होती, ऊब होती, बाहेरचे आवाज लांबून आल्यासारखे येत होते. काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. वास येत नव्हता. म्हणजे असेल, पण आता तिला येत नव्हता.

बिभीषणला आणि आईला फोन करायचा होता. फोन पायाशी पडला होता आणि फोन उचलायचा तर बोटं उचलावी लागली असती. स्क्रीनवर ग्रुपचे मेसेज येत होते. कुणीतरी कव्हर घातलेल्या गाडीचा फोटो टाकला होता. "आजपण हीच गाडी. ७९ वर अडकवून ठेवलीय. लाज कशी वाटत नाही लोकांना?" खाली रामप्रसाद सरांनी लिहिलं होतं, "गाडी कुणाची आहे, कृपया समोर यावे."

कागद मात्र तिनं कव्हर ओढतानाच लावला होता. वहीचं पान, सेफ्टी पिन, जमेल तेवढं सुवाच्य अक्षर. नंबरही लिहिला होता, नियमाप्रमाणं. पण लिहितानाच पान ओलं झालं होतं.

ऐंशी झाले की काढणारच होती ती. खरंच. तिनं सीटबेल्ट लावला होता.

साडेनऊच्या सुमाराला बाहेर गाडी थांबली. दार वाजलं. लहान मूल रडत होतं, रडून रडून आवाज बसलेलं.

"उगी माझं सोनं, उगी," बाईचा आवाज आला. तरुण, घाबरलेला. मग फोनवर, "अहो, मी उज्ज्वला बोलतेय. स्टेशनवर आहे, पण गन रिकामी नाही. ताप उतरत नाहीये हो. सहाच टक्के आहेत गाडीत, बीडपर्यंत कशी नेऊ? मालक? नाही, कुणीच नाहीये इथं. नुसता कागद लावलाय."

ती कागद वाचत असावी. पावलं गाडीभोवती फिरली. कव्हरवर हात पडला आणि चटकन मागं गेला, जसा ओल्या भिंतीवर पडून मागं जातो.

"शी! काय लागलंय हे."

मंजुषानं तोंड उघडलं. ओरडायचं होतं, ताई, आत माणसं आहेत, माझे वडील आहेत, थोडं थांबा. पण "नको ना" एवढंच बाहेर आलं, बारीक, कण्हल्यासारखं, आणि ते तिचं तिलाही नीट ऐकू आलं नाही.

मुलाचं रडणं थांबलं. त्या अचानक शांततेत उज्ज्वला एकदाच त्याच्या नावानं ओरडली, मग केबलच्या मागोमाग धावत गाडीपाशी आली.

अण्णा झोपेत हसत होते. मंजुषानं दोन बोटं त्यांच्या मनगटावर घट्ट दाबली. घुरघुर होती. चांगली होती. कव्हरची कड उचलली गेली आणि उजेडाची पट्टी आत आली. पट्टीत एक चेहरा, ओढणी नाकाला लावलेली, डोळ्यांत पाणी. त्या चेहऱ्यावरची किळस मंजुषानं ओळखली. काच पांढरी होती, तरी तिनं मान हलवली, नको म्हणून. पण ते डोळे तिच्याकडं बघतच नव्हते. ते खाली, गाडीच्या तोंडाकडं बघत होते.

मग मशीनवर तळहात पडल्याचा आवाज झाला. गुणगुण थांबली.

मंजुषा बोटं न उचलता मोजायला लागली.